गोड बंद करून जंत जात नाहीत

ताई, सहा वर्षांच्या लेकाला दर दोन-तीन महिन्यांनी जंत होतात, गोड बंद केलं, औषध दिलं, तरी तो रात्री खाजेने रडत उठतो, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या धाकटीचं अगदी हेच झालं होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी त्याचा गूळ-शेंगदाणा परत सुरू करा. गोडाने जंत होत नाहीत.

रात्रीची खाज म्हणजे बहुधा सुतासारखे बारीक, पांढरे कृमी. मूल झोपलं की मादी शीच्या जागेबाहेर येऊन अंडी घालते. मूल खाजवतं, अंडी नखांत अडकतात, तिथून तोंडात, चादरीवर, भावंडांच्या हातावर. घरात ती दोन-तीन आठवडे तग धरतात. आम्ही औषध फक्त धाकटीला द्यायचो; मोठीला खाज नाही म्हणून तिला सोडायचो. तिथेच चुकत होतं. डॉक्टरांना विचारून घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध घ्या आणि दोन आठवड्यांनी पुन्हा, कारण औषधाने जंत मरतात, अंडी मागे राहतात. कोणी गरोदर असेल किंवा दोन वर्षांखालचं बाळ असेल, तर आधीच सांगा.

या काळात त्याला सकाळी उठल्याउठल्या आंघोळ घाला, म्हणजे रात्रीची अंडी धुऊन जातात. चड्डी रोज बदला, नखं अगदी बारीक कापा. चादर मात्र झटकू नका! अंडी घरभर उडतात. अलगद गुंडाळून गरम पाण्यात टाका.

गांडुळासारखे मोठे जंत वेगळे. त्यांची अंडी मातीतून येतात. पंचवटीच्या बाजारातून आणलेली मेथी-कोथिंबीर मी मुळं कापून, दोन-तीनदा पाणी बदलून, शेवटी नळाखाली धुते. अंकुशकृमी तर मातीतून थेट पायाच्या कातडीतून शिरतो आणि आतड्यात रक्त पितो. आजोळी द्राक्षबागेत पोरं अनवाणी धावतात, त्यांच्या पायात चप्पल हवीच.

शाळेत, अंगणवाडीत 10 फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाला अल्बेंडाझोलची गोळी मिळते. 1 ते 19 वर्षांच्या मुलांसाठी 2015 पासून हे सुरू आहे. ती चुकवू नका. नुकतंच औषध दिलं असेल तर बाईंना तसं सांगा.

एवढं करूनही खाज राहिली तर डॉक्टरांना चिकटपट्टीच्या तपासणीबद्दल विचारा. सकाळी आंघोळीआधी पारदर्शक पट्टी शीच्या जागी लावून अंडी बघतात. शीच्या तपासणीत हे कृमी बरेचदा सापडतच नाहीत.