पासवर्ड कठीण आहे, तरी अकाउंट हॅक?

प्रश्न: माझा पासवर्ड चांगला लांबलचक आहे, सगळीकडे तोच वापरते, तरी अकाउंट हॅक झालं. असं कसं?

उत्तर: ताई, घोळ त्या 'सगळीकडे तोच'मध्येच आहे. एखाद्या साइटचा डेटा फुटला की चोरटे तीच ईमेल-पासवर्डची जोडी प्रोग्राम लावून बाकीच्या साइट्सवर टाकून बघतात, मग पासवर्ड कितीही कठीण असो, काय उपयोग? २०१२ मध्ये लिंक्डइनचा (नोकरी-व्यवसायातल्या ओळखींची साइट) डेटा चोरीला गेला आणि २०१६ मध्ये त्यातले ११ कोटींहून जास्त ईमेल-पासवर्ड विकायला आले, म्हणजे चोरीचा माल चार वर्षांनीही चालतो बघा! आधी ईमेलचा पासवर्ड बदला, कारण बाकी सगळ्या अकाउंटचे पासवर्ड बदलायच्या (रिसेट) लिंक तिथेच येतात. टू-स्टेप व्हेरिफिकेशन (म्हणजे पासवर्डनंतर मोबाइलवरच्या कोडसारखी दुसरी खात्री) आजच चालू करा, आणि प्रत्येक साइटला वेगळा पासवर्ड, लक्षात ठेवायला पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड जपून ठेवणारं ॲप) आहेच.