डिरेक्टरीचा लिंक काउंट २ का?

प्रश्न : फ्यूज (कर्नलला हात न लावता फाइल सिस्टिम लिहायची सोय) वापरून स्वतःची फाइल सिस्टिम लिहितोय. रिकाम्या डिरेक्टरीचा लिंक काउंट (तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या नावांची संख्या) २ का असतो? सगळ्याच डिरेक्टऱ्यांना २ दिलं तर चालेल का?

उत्तर : नको, तसं करू नका. डिरेक्टरीला रिकामी असतानाच दोन नावं असतात : वरच्या डिरेक्टरीतली तिची नोंद आणि तिच्या आतलं ‘.’ (म्हणजे ती स्वतः). आत उपडिरेक्टरी केली की तिचं ‘..’ (म्हणजे वरची डिरेक्टरी) हिच्याकडेच बोट दाखवतं, म्हणून ३. साध्या फाइली कितीही टाका, आकडा हलत नाही.

मीही सुरुवातीला सरसकट २ च दिलं होतं. ‘एलएस’मध्ये (फाइलींची यादी दाखवणाऱ्या आज्ञेत) सगळं नीट दिसायचं, पण जुनं ‘फाइंड’ (फाइली शोधणारी आज्ञा) २ पाहून ‘आत उपडिरेक्टरी नाही’ असं धरायचं आणि खाली उतरायचंच नाही. दोन रात्री मी भलताच कोड तपासत बसलो.

मोजणी जमत नसेल तर सरळ १ द्या. बीटीआरएफएस ही लिनक्सची फाइल सिस्टिम तेच करते, आणि १ दिसलं की ‘फाइंड’ त्या आकड्यावर विसंबत नाही. मोजणार असाल, तर ‘रीनेम’कडे (नाव किंवा जागा बदलणाऱ्या कॉलकडे) डोळ्यांत तेल घालून बघा : उपडिरेक्टरी दुसरीकडे हलवली की जुन्या पालकाचा (वरच्या डिरेक्टरीचा) एक कमी, नव्याचा एक जास्त. माझ्याकडून हेच दोनदा राहिलं होतं.