पहिली इलेक्ट्रिक गिटार घेताना

अरे, गिब्सनच्या लेस पॉल गिटारच्या फोटोंवर भाळू नकोस. पहिली गिटार स्ट्रॅट (फेंडरची स्ट्रॅटोकास्टर) धाटणीचीच घे. अंगाला नीट बसते, वजनाला बहुधा हलकी. तिचं स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, 25.5 इंच, लेस पॉलचं 24.75, त्यामुळे स्ट्रॅटवर तार ओढायला जोर जास्त लागतो, पण बोटं तयार होतात. दुकानातच पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) एकाच वेळी तार दाब आणि सातव्यापाशी डोळा लावून बघ: तार आणि फ्रेटमध्ये व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढीच फट हवी. नाशिकच्या पावसाळ्यात दमट हवेने नेक (गिटारची मान) हलते, तेव्हा पुन्हा तपास. नेकचा बाक कमीजास्त करणाऱ्या आतल्या सळीला, म्हणजे ट्रस रॉडला, एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त पीळ देऊ नकोस.

वेगाच्या मागे आत्ताच लागू नको. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग ऐक. एकच सूर, हाताने थरथरवलेला, आणि माणूस लगेच ओळखू येतो! माझ्या लेखी पिंक फ्लॉइड बँडचा गिटारवादक डेव्हिड गिल्मोरही त्याच वाटेचा.

ॲम्प (गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा) छोटाच घे. गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये 10 वॅटसुद्धा पुरून उरतात.