टायफॉइडचे दहा दिवस बिनपगारी: इएसआयमधून काय मिळू शकतं

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) ठेकेदारामार्फत काम, रोजची सरासरी 600 रुपये, टायफॉइडमुळे दहा दिवस घरी आणि दहाही दिवसांचा पगार कापला. आजारपणाची पगारी रजा कायद्यात नाहीच का, असं तुम्ही विचारलंय.

कारखान्यातल्या कामगाराला निव्वळ आजारासाठी वेगळी पगारी रजा कायदा देत नाही. वीस दिवस कामामागे एक दिवसाची पीएल, म्हणजे हक्काची पगारी रजा मिळते. त्यासाठी पूर्वी वर्षात 240 दिवस भरावे लागत, नव्या श्रमसंहितेत 180. पण महिना 21,000 पर्यंत पगार असलेल्याला इएसआयचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) आजारभत्ता आहे, आणि पुढची अट भरत असेल तर तिथं तुमचा हक्क पक्का आहे. इएसआय म्हणजे फुकट औषधं, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. तुमच्या पगारातून 0.75 टक्के जातात, मालकाचे 3.25, भत्ता त्यातूनच येतो.

दर सरासरी रोजाच्या 70 टक्के, म्हणजे तुमचे 420 रुपये. पहिले दोन दिवस कोरडे जातात. उरलेल्या आठांचे 3,360. वर्षाला कमाल 91 दिवस. टायफॉइड उलटला आणि आधीचं आजारपण संपल्यापासून 15 दिवसांच्या आत पुन्हा झोपलात, तर ते दोन दिवस दुसऱ्यांदा कापत नाहीत.

आता खरी अडचण. जुलै ते डिसेंबरमध्ये आजारी पडलात तर आधीच्या ऑक्टोबर ते मार्चचे भरलेले दिवस बघतात; जानेवारी ते जूनसाठी आधीचे एप्रिल ते सप्टेंबर. त्या सहामाहीत 78 दिवस हवेत. गेल्या महिन्याची हजेरी पूर्ण असून उपयोग नाही. नव्यानं लागलेल्याला पहिले नऊ महिने भत्ता नाही. ठेकेदार महिन्याचे 26 ऐवजी 12 दिवस दाखवतो, सहा महिन्यांचे झाले 72, आणि सहानं हुकलं. दुसरा घोळ असा की ठेकेदार बदलला की नवा माणूस जुना विमा नंबर न विचारता नवाच काढतो, मग दिवस दोन नंबरांत वाटले जातात. इएसआयच्या पोर्टलवर महिनावार दिवस दिसतात, ते पगारपावतीशी ताडून बघा. ठेकेदारानं भरलं नसेल तर मूळ कंपनी जबाबदार, तिलाच लेखी कळवा.

सर्टिफिकेट इएसआय दवाखान्याचंच घ्यावं, तेही ताप आल्याच्या दिवशीच. बाहेरच्या डॉक्टरचा कागद इएसआयचं शाखा कार्यालय मान्य करू शकतं, पण तपासणी आणि फेऱ्या वाढतात. तुमचे उपचार बाहेर झाले असतील तर रक्ताचा रिपोर्ट, चिठ्ठ्या आणि औषधांची बिलं जोडूनच दावा करा.

ऑफिसनं मेहरबानी म्हणून ते दिवस पीएलमध्ये टाकले, तर मात्र भत्ता जातो: पगारी रजेच्या दिवसाला इएसआय पैसे देत नाही. पीएल फक्त पहिल्या दोन दिवसांना लावून घ्या.

कायद्यानं हमी हवी ती नेमकी याच दोन दिवसांची, मालकाच्या खिशातून. दोन दिवसांच्या तापाला आज इएसआयकडून एक रुपया मिळत नाही, म्हणून माणूस अंगात ताप घेऊन प्रेसवर उभा राहतो. आणि दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानाला तर इएसआयही सहसा लागू नसतं.