कवीच्या घरी जाताना

मालगुंडच्या केशवसुत स्मारकाला जायचं म्हणून ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रं आली. पुष्कळांचे प्रश्न सारखेच होते, म्हणून त्यांतले पाच निवडून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही दोघेही साठीच्या पुढचे आहोत. कोकण रेल्वेने मालगुंडला जाऊन यायचं आहे. कोणती गाडी घ्यावी, कुठे उतरावं? बरोबर आठ वर्षांचा नातू आहे. (नौपाडा, ठाणे)

उतरायचं रत्नागिरीला. गाड्या अनेक आहेत, पण तुमच्यासाठी आम्ही तुतारी एक्स्प्रेस सुचवू. पूर्वी ही राज्यराणी म्हणून धावायची. 2017मध्ये केशवसुतांच्या कवितेवरून तिला हे नाव मिळालं. कवीच्या कवितेचं नाव असलेल्या गाडीतून कवीच्या गावी जायचं, हे नातवाला आधीच सांगून ठेवा. प्रवास तिथूनच सुरू होतो.

या गाडीच्या आरक्षणात एक चूक नेहमी होते. गाडी दादरहून सुटते मध्यरात्री बारा वाजून गेल्यावर. ठाण्याला आणि पनवेलला ती आणखी पुढे येते. म्हणजे शुक्रवारी रात्री जेवून निघायचं असेल, तर तिकीट काढायचं शनिवारच्या तारखेचं. शुक्रवारचं तिकीट काढून शुक्रवारी रात्री फलाटावर उभे राहिलात, तर तुमची गाडी जवळजवळ चोवीस तासांपूर्वीच गेलेली असते आणि त्या तिकिटाचे पैसेही सहसा परत मिळत नाहीत.

आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी उघडतं. पूर्वीचा 120 दिवसांचा हिशोब डोक्यात ठेवू नका, तो नोव्हेंबर 2024पासून बदलला. खालच्या बर्थसाठी ज्येष्ठांचा वेगळा कोटा आहे : पुरुष 60 आणि स्त्रिया 45 वर्षांपुढच्या. मात्र तो एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तर चालतो. त्याच तिकिटावर नातवाचं नाव घातलंत की कोटा गेला. त्याचं तिकीट वेगळं काढा.

गाडी सकाळी रत्नागिरीला पोचते. स्टेशन शहरात नाही, पाच-सहा किलोमीटर बाहेर आहे. तिथून रिक्षाने एसटी स्टँड गाठून गणपतीपुळ्याची बस धरता येईल किंवा स्टेशनवरूनच गाडी ठरवता येईल. गाडी ठरवणार असाल तर आरे-वारेच्या किनाऱ्याच्या रस्त्याने न्यायला सांगा. गणपतीपुळे या बाजूने साधारण 25 किलोमीटर पडतं. निवळीवरून वळसा घालून गेलं तर अंतर बरंच वाढतं. जाताना समुद्र डाव्या हाताला राहतो, तेव्हा नातवाला डाव्या खिडकीशी बसवा. रस्त्याला चढ-उतार आणि वळणं फार आहेत. ज्यांना गाडी लागते त्यांनी रिकाम्या पोटी निघू नये आणि भरपेट खाऊनही निघू नये. गणपतीपुळ्याहून मालगुंड दीड-दोन किलोमीटर, जयगडच्या दिशेला.

स्वतःच्या गाडीने येणार असाल तर पनवेलवरून मुंबई-गोवा महामार्ग, संगमेश्वर ओलांडून निवळीला उजवीकडे, मग जाकादेवी, चाफे आणि गणपतीपुळे. ठाण्याहून अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. एका दिवसात जाऊन-येऊन करण्यासारखं हे नाही. गणपतीपुळ्यात मुक्काम करा आणि स्मारक दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. देवदर्शन उरकून परतीच्या वाटेवर अर्धा तास काढणारे पुष्कळ असतात. त्यांच्या हाती दारावरच्या पाटीचा फोटो तेवढा लागतो.

प्रश्न : स्मारकातलं घर पाहिलं. नीटनेटकं, रंगवलेलं आहे. हे खरोखर जन्मघर आहे की नंतर बांधलेलं? आपण नेमकं काय पाहिलं, याचाच मनात गोंधळ आहे. (नेरूळ)

हा प्रश्न प्रत्येक वाचकाने पडू द्यावा. कोणत्याही स्मारकघरात शिरताना तीन गोष्टी वेगळ्या करा : जागा मूळ आहे का, बांधकाम मूळ आहे का आणि आतल्या वस्तू त्या माणसाच्या आहेत का. तिन्हींचं उत्तर एकच असेल असं नाही.

मालगुंडात जागा मूळ आहे. कृष्णाजी केशव दामले, म्हणजे केशवसुत, 7 ऑक्टोबर 1866 रोजी इथे जन्मले. वडील केशव विठ्ठल दामले गावात शाळामास्तर होते. घराची दुरुस्ती करून, शेजारी नवं बांधकाम जोडून कोकण मराठी साहित्य परिषदेने स्मारक उभं केलं. 8 मे 1994 रोजी कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. आत मांडलेली भांडी, दिवे, खाट यांच्याकडे त्या काळच्या मध्यमवर्गीय कोकणी घराचं दर्शन म्हणून बघा. समईपुढे उभं राहून ‘हिच्याच उजेडात कविता लिहिली असेल’ असं मनात आणू नका. केशवसुतांनी नाव केलं ते या घरापासून दूर. शिक्षण खेड, बडोदा, नागपूर, पुणे असं फिरत झालं, मॅट्रिक 1889मध्ये. मग मुंबईत शिकवणं, पुढे खानदेशात भडगाव आणि फैजपूर, शेवटी धारवाड. 7 नोव्हेंबर 1905 रोजी हुबळीला प्लेगने गेले, तेव्हा वय होतं 39. हे घर त्यांच्या बालपणाचं आहे आणि तसंच ते पाहावं.

आता बांधकाम. कोकणातलं मातीचं घर हाताळल्याशिवाय दीडशे वर्षं उभं राहूच शकत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. छपराची एक ओळ सरकली की पाणी भिंतीत उतरतं, माती फुगते, वाशांना वाळवी लागते. म्हणून पावसाळ्याआधी कौलं चाळायची, फुटकी बदलायची, जमीन सारवायची हे दरवर्षीचं काम. दुरुस्ती झालेली दिसली म्हणून घर खोटं ठरत नाही. दुरुस्ती थांबलेलं घर दहा-पंधरा वर्षांत चौथऱ्यापुरतं उरतं.

जुनं काय आणि नवं काय, हे मात्र डोळ्यांनी ओळखता येतं. जांभ्याचे चिरे बघा. खाणीतून निघाल्यावर हा दगड मऊ असतो, हवा लागून कडक होतो. जुन्या चिऱ्यांच्या कडा झिजून गोल झालेल्या असतात, नव्या चिऱ्यांच्या कडा धारदार. सांध्यांत माती किंवा चुना असेल तर काम जुन्या पद्धतीचं, करड्या रंगाचा घट्ट सांधा असेल तर सिमेंट. सिमेंटचा गिलावा भिंतीतली ओल बाहेर पडू देत नाही, म्हणून जुन्या भिंतीवर तो चढवला की खालून पोपडे सुटतात. कुठल्याही जुन्या वाड्यात गुडघ्याएवढ्या उंचीवर पोपडे दिसले तर कारण बहुधा हेच.

कौलांबाबत एक गैरसमज घट्ट बसला आहे. चपट्या खोबणीच्या मंगळुरी कौलावर ‘1865’ कोरलेलं सापडलं की लोक घराचं वय ठरवून टाकतात. ते साल बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचा कौलांचा कारखाना मंगळुरात निघाल्याचं आहे. पुढची कित्येक वर्षं निघालेल्या कौलांवर तोच शिक्का होता. त्याआधी कोकणात गवती छपरं होती किंवा कुंभाराची नळीची कौलं. तेव्हा 1866 साली जन्मलेल्या माणसाच्या घरावर मंगळुरी कौल दिसलं, तर ते नंतर चढलं असं धरून चाला.

जागा तीच पण घर ते नाही, याचं जवळचं उदाहरण मुंबईतच आहे. जे. जे. कलाशाळेच्या आवारातला बंगला किपलिंगच्या नावाने ओळखला जातो. रुडयार्ड किपलिंग 30 डिसेंबर 1865 रोजी त्या आवारात जन्मला खरा, पण आजची इमारत त्यानंतरची आहे. एकदा हा फरक कळला की प्रत्येक पाटी नीट वाचायची सवय लागते : ‘जन्मस्थान’, ‘निवासस्थान’ आणि ‘स्मारक’ हे तीन वेगळे शब्द आहेत.

प्रश्न : मी ऐरोलीतल्या शाळेत मराठी शिकवते. आठवीची चाळीस मुलं न्यायचा विचार आहे. मुलं कंटाळतील का? काय तयारी करावी? (ऐरोली)

बाई, चाळीस मुलं एकदम घरात सोडलीत तर नक्की कंटाळतील. माजघर, पडवी, बाळंतिणीची खोली या जागा दहा-बारा माणसांच्या आहेत. मागच्या मुलाला पुढच्याची पाठ तेवढी दिसते. तेरा-चौदांचे तीन गट करा : एक घरात, एक बागेतल्या कोरीव कवितांपाशी, एक कवींची छायाचित्रं आणि कविता लावलेल्या दालनात. प्रत्येक गटाला 30 मिनिटं, मग अदलाबदल. अदलाबदलीला आणि पाणी प्यायला धरून दोन तास हवेत. शाळेच्या पत्रावर तारीख, संख्या आणि पोचण्याची वेळ कळवून परवानगी आधी घ्या. डिसेंबर-जानेवारीत सहलींची गर्दी असते, त्यामुळे दोन शाळा एकाच वेळी येऊन थडकतात.

खरी तयारी वर्गात व्हायला हवी. ‘आम्ही कोण?’ ही कविता फळ्यावर लिहा आणि ओळी मोजायला सांगा : 14. हे सुनीत, म्हणजे सॉनेट. इंग्रजीतून हा घाट मराठीत केशवसुतांनी आणला. मग अक्षरं मोजू द्या. वृत्त शार्दूलविक्रीडित आहे, प्रत्येक ओळीत 19 अक्षरं आणि 12 अक्षरांवर यती, म्हणजे थांबा. जोडाक्षर एकच मोजायचं, इथे मुलं हमखास चुकतात. एकदा 12 आणि 7चा ठेका जिभेवर बसला की अंगणात उभं राहून चाळीस मुलं एका सुरात म्हणतात. तेवढ्यासाठी साडेतीनशे किलोमीटर जावं. म्हणायचं ते अंगणातच, घरात नको, कारण इतर लोक बघत असतात.

बागेत प्रत्येकाने एक कविता निवडून पहिल्या चार ओळी हाताने वहीत उतरवाव्यात. फोटो काढला की डोळा ओळीवर ठरत नाही. जुन्या छापील प्रतींत आज न दिसणारे अनुस्वार भेटतील, ते चुका समजून मुलं खोडतात. साहित्य महामंडळाच्या 1962च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, त्याआधी ते लिहीत असत. हे आधी सांगून ठेवा.

पुस्तकांसाठी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जा. ते सुरू झालं 1 जून 1893 रोजी. ‘तुतारी’ ही कविता त्याच वर्षीची. मुलांना हा योगायोग आवडेल.

प्रश्न : बागेतल्या कोरलेल्या कवितांचे फोटो काढले, एकही वाचता येत नाही. काय चुकलं? (वाशी)

बहुतेक तुम्ही भर दुपारी काढलेत. कोरीव अक्षर दिसतं ते सावलीमुळे. ऊन डोक्यावर असलं की खाचेत सावली पडत नाही आणि अक्षर दगडात विरून जातं. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर, ऊन दगडावरून तिरपं घसरत असताना काढा. समोरून फ्लॅश मारू नका, त्यानेही तेच होतं. सावलीतला दगड असेल तर दुसऱ्या फोनचा टॉर्च दगडाच्या अगदी कडेला, जवळजवळ टेकवून धरा. गुळगुळीत काळ्या दगडात स्वतःचंच प्रतिबिंब येतं, तेव्हा थोडं बाजूला सरकून काढा. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू घासणं किंवा शेवाळ नखाने खरवडणं कृपया नको. खडूची भुकटी खाचेत बसते ती पावसातही पूर्ण निघत नाही, आणि खरवडल्याने कडा झिजतात.

प्रश्न : आई 81 वर्षांची आहे, चाकाच्या खुर्चीवर असते. तिला केशवसुत पाठ आहेत. नेता येईल का? पावसाळ्यात गेलं तर गर्दी कमी मिळेल ना? (घोडबंदर रोड, ठाणे)

गर्दी कमी मिळेल, पण आईंना पावसाळ्यात नेऊ नका. जांभ्याच्या पायऱ्यांवर आणि फरशीवर बारीक हिरवं शेवाळ धरतं. ते ओलं असताना धडधाकट माणूसही घसरतो आणि खुर्चीचा ब्रेक त्यावर लागत नाही. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश चालतात, प्रवास लांबतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. अंगारकी आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळा, तेव्हा गणपतीपुळ्याचा रस्ता तुंबतो.

जुन्या कोकणी घरात दोन अडचणी असतात : उंबरा आणि दार. उंबरा चार ते सहा इंच उंच, दाराची चौकट ठेंगणी. खुर्ची पुढून न रेटता मागे वळवून, मोठी चाकं आधी उंबऱ्यावरून ओढून घ्या. पुढून नेली तर लहान चाकं अडकून माणूस पुढे झुकतो. खुर्चीची बाहेरची रुंदी टेपने मोजा. घडीची खुर्ची साधारण 60 ते 65 सेंटिमीटर भरते. निघण्याआधी स्मारकात फोन करून दार किती रुंद आहे, पायऱ्या किती आहेत, स्वच्छतागृहापर्यंत खुर्ची जाते का, हे तीन प्रश्न विचारा. ‘व्यवस्था आहे’ एवढ्यावर थांबू नका, आकडा विचारा. मातीच्या किंवा सारवलेल्या जमिनीवर चाकांचे चर पडतात, म्हणून तिथे परवानगीशिवाय खुर्ची नेऊ नये.

आत जाता आलं नाही तरी बागेत सावलीला बसवा आणि एकेका कवितेपाशी थांबा. त्यांना पाठ आहेत ना? मग तुम्ही पहिला शब्द वाचा, पुढचं त्यांना म्हणू द्या. सकाळी लवकर गेलात तर आवार शांत असतं, म्हातारा आवाज नीट ऐकू येतो. पाण्याची बाटली, टोपी आणि पाठीला एक उशी एवढं बरोबर असू द्या.