काश्मीर फ्लायकॅचर पाहायला उटीला जाण्याआधी

काश्मीर फ्लायकॅचर हा इवला पक्षी पाहायला उटीला जरूर जा, पण आधी घराजवळचा, त्याच्यासारखाच दिसणारा रेड-ब्रेस्टेड फ्लायकॅचर ओळखायला शीक. हिवाळ्यात तो आपल्याकडे बागांमध्येही येतो आणि घोटाळा त्याच्याशीच होतो. काश्मीर फ्लायकॅचरच्या नराचा नारिंगी रंग जास्त गडद असतो, पोटाकडे उतरतो आणि त्याला दोन्ही बाजूंनी काळी किनार असते. किनार स्पष्ट दिसली नाही तर नोंद करू नकोस. मादीच्या बाबतीत तर फारच सबुरी ठेव.

काश्मीर फ्लायकॅचर काश्मीरच्या जंगलात वीण करतो आणि हिवाळा निलगिरीत किंवा श्रीलंकेच्या डोंगरांत काढतो. त्यामुळे डिसेंबर-जानेवारी उत्तम. उटीला शोलाच्या, म्हणजे तिथल्या डोंगरखळग्यांतल्या दाट सदाहरित जंगलाच्या, कडेला उजाडताच पोहोच, एका जागी थांब. आधी आवाज ऐकू येईल, कोरडा 'चक' आणि मागोमाग खरखर. मग खालच्या फांद्या बघ: तो किडा टिपायला झेपावतो, शेपूट उडवत पुन्हा बसतो.

त्याला जवळ बोलवायला मोबाईलवर त्याचा आवाज मात्र वाजवू नकोस, कुणी कितीही आग्रह केला तरी. हजारो किलोमीटर उडून आलेल्या त्या इवल्या जिवाला आपल्या फोटोसाठी दमवणं मला अजिबात पटत नाही. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची (आठ पट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची) पुरेल. स्वेटर जाड घे.