२.३०३ दोनदा कसा आला?

प्रश्न : मी बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. प्रथम कोटीच्या अभिक्रियेचा वेग स्थिरांक काढणारा एक छोटा प्रोग्राम माझ्या विद्यार्थ्याने पायथनमध्ये लिहिला. २० मिनिटांत संहती ०.८ वरून ०.२ वर आली, तर लॉग टेबल वापरून उत्तर ०.०६९३ येते, प्रोग्राम मात्र ०.१५९६ दाखवतो. सूत्र पुस्तकातलेच आहे : २.३०३ भागिले वेळ, गुणिले सुरुवातीच्या आणि नंतरच्या संहतीच्या भागाकाराचा लॉग. मग चूक कोठे?
— एक शिक्षक, कोथरूड, पुणे

उत्तर : सूत्र बरोबर आहे, घोळ ‘लॉग’ या शब्दाचा आहे. आपल्या लॉग टेबलातला लॉग १० या पायाचा असतो, तर पायथनमधील ‘मॅथ डॉट लॉग’ सी आणि जावास्क्रिप्टप्रमाणेच नैसर्गिक लघुगणक, म्हणजे ‘ई’ (२.७१८२८…) या पायाचा लॉग देतो. पुस्तकातला २.३०३ हा गुणक १० पायाच्या लॉगचे नैसर्गिक लॉगमध्ये रूपांतर करण्यासाठीच असतो. प्रोग्रामने ते काम आधीच केलेले असताना विद्यार्थ्याने पुन्हा २.३०३ ने गुणले. ०.८ भागिले ०.२ म्हणजे ४; ४ चा नैसर्गिक लॉग १.३८६३, त्याला नुसते २० ने भागून पाहा, ०.०६९३ च येईल. गुणक काढून टाकणेच बरे, कारण २.३०३ हीदेखील २.३०२५८५… ची तोकडी केलेली किंमत आहे. (एक्सेलमध्ये मात्र उलटे आहे : तेथे साधा ‘लॉग’ १० पायाचा आणि नैसर्गिक लॉगसाठी ‘एलएन’, पण त्याच एक्सेलचा मॅक्रो लिहायला घेतला की ‘लॉग’ पुन्हा नैसर्गिक!)

संगणक हा लॉग कोणत्याही टेबलाविना कसा काढू शकतो, हे विद्यार्थ्यांना फळ्यावर दाखवण्याजोगे आहे. २ च्या लॉगसाठी १ − १/२ + १/३ − … ही परिचित श्रेणी घेतली, तर तीन पदांची बेरीज ०.८३३३ येते आणि खरी किंमत ०.६९३१४७ आहे. त्याऐवजी (२ − १) भागिले (२ + १), म्हणजे १/३ ही संख्या घेऊन तिच्यात तिच्या घनाचा तिसरा भाग आणि पाचव्या घाताचा पाचवा भाग मिळवून बेरीज दुप्पट केली, की तेवढ्याच तीन पदांत ०.६९३००४ मिळते. मोठ्या संख्येतून २ चे घात आधी बाजूला काढले, की उरलेल्या लहान संख्येसाठी ही युक्ती फार लवकर फळते.

१० पायाचाच लॉग हवा असेल, तर ‘लॉगटेन’ हे स्वतंत्र फंक्शन वापरावे. ‘लॉग’ला १००० आणि पाया १० असे दिल्यास पायथन दोन नैसर्गिक लॉगांचा भागाकार करतो, आणि पूर्णांकनामुळे ३ ऐवजी २.९९९९९९९९९९९९९९९६ हाती येते.